घर-शिवार : संक्रांत घरच्या तिळाची



थंडी अंगात मुरू लागली, की शेतकऱ्याच्या घरात दोन कामे एकदमच उभी राहतात. शिवारात हरभऱ्याला घाटे धरतात आणि त्यांच्या मागोमाग घाटेअळी येते, म्हणून फवारणीची धांदल उडते. इकडे घरात भोगी आणि संक्रांतीची तयारी सुरू होते. पहिले काम बहुधा पुरुषमाणूस करतो, दुसरे बाईमाणूस करते. दोघांचे त्या बाबतीत आपसात बोलणे होतेच असे नाही. सोमवारी धन्याने पाठीवर पंप घेऊन हरभरा फवारला आणि बुधवारी घरधनीण पोराला म्हणाली, "जा रे, भोगीच्या भाजीला चार डहाळे उपटून आण." पोरगा जातो, डहाळे उपटतो, येताना वाटेने निम्मे घाटे सोलून तोंडात टाकतो. हात धुवायचा तर प्रश्नच नाही.

म्हणून यंदा सणाची गोष्ट मी चुलीपासून नाही, फवारणीच्या डब्यापासून सुरू करतो. त्याबद्दल भगिनींनी रागावू नये. तिळगूळ, गुळाची पोळी, हलवा, दागिने, सगळे पुढे येणारच आहे.

औषधाच्या प्रत्येक डब्यावर फवारणीनंतर किती दिवस माल तोडू नये ते छापलेले असते. काही औषधांना हे दिवस थोडे असतात, काहींना दोन-तीन आठवडेही लागतात. अक्षर बारीक असते, पण घरात शाळेत जाणारे एखादे पोर असतेच. त्याच्याकडून वाचून घ्यावे आणि ज्या दिवशी फवारले ती तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहावी. म्हणजे घरधनिणीला विचारावे लागत नाही, नुसते बघितले की कळते. याहून सोपे म्हणजे घराकडच्या बांधालगतचे हरभऱ्याचे दोन तास, वालाचा एक वेल आणि वांग्याची पाच-सहा झाडे 'घरची' म्हणून सोडून द्यावीत. त्यावर रासायनिक फवारा मारूच नये. फार अळी दिसली तर 5 टक्के निंबोळी अर्क मारावा, सकाळी झाड हलवून अळ्या वेचाव्यात. दोन तासांतले चार घाटे अळीने खाल्ले तर शेतकरी काही भिकेला लागत नाही. आणि पोरांना एकदाच ठणकावून सांगावे, की डहाळा खायचा तो याच दोन तासांतला. घाटे सोलताना अंगाला लागणारी ती आंबट आंब तर पोरे हमखास चाटतात. फवारलेल्या पिकावर त्या आंबीबरोबर आणखी काय काय पोटात जाते, ते सांगायला नको.

आता भोगीच्या भाजीकडे वळू. जो न खाई भोगी तो सदा रोगी, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती असली तरी या भाजीची योजना मोठ्या शहाणपणाची आहे. त्या दिवशी शिवारात जे जे उभे असेल ते ते एका पातेल्यात यायचे. हरभऱ्याचे सोलाणे, पावट्याचे किंवा वालाचे दाणे, तुरीचे ओले दाणे, गाजर, वांगी, ओला भुईमूग, मटार, आणि दोन-चार बोरे. कोणी त्यात उसाची करवेही टाकतात. लातूर-धाराशिवकडे वेळअमावास्येला शेतात जी भज्जी करतात, ती याच भाजीची बहीण. तिला डाळीचे पीठ लावतात आणि जोडीला आंबील असते. भोगीच्या भाजीला मात्र तिळाचे कूट हवे. फोडणीत आधी कडक दाणे, म्हणजे तूर आणि वाल, घालावेत आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ द्यावी. ते अर्धे शिजले की गाजर आणि भुईमूग, आणि वांगी अगदी शेवटी. सगळे एकदम घातले, तर वांग्याचा लगदा होतो आणि वाल दाताखाली टणटण वाजतात. तिळाचे कूट आणि गुळाचा खडा उतरवायच्या आधी.

जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. बाजरीचे पीठ मात्र ताजे दळलेले हवे. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते. मग सूनबाईच्या हाताला नावे ठेवली जातात, आणि दोष असतो डब्यातल्या पंधरा दिवसांच्या पिठाचा. गिरणीवाला कुरकुरला तरी चालेल, पण दोन-तीन किलोच दळून आणावी.

तिळगुळाच्या आधी तिळाबद्दल थोडे बोलले पाहिजे. माझ्या नोकरीत खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड या भागांत पुष्कळ हिंडणे झाले. पूर्वी कपाशीत किंवा तुरीत दोन ओळी तीळ नाही असे शेत क्वचित दिसे. आता दिसतो तो क्वचितच. ज्यांच्याकडे तीळ आहे, तेही दिवाळीच्या आधी सगळा पोत्यात भरून बाजारात नेतात आणि संक्रांतीला दुकानातून पाव-पाव किलोच्या पुड्या आणतात, त्याही पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळाच्या. स्वतःचा माल घाऊक भावाने विकायचा आणि किरकोळ भावाने परत घ्यायचा, हा व्यवहार कोणत्या शाळेत शिकवतात मला ठाऊक नाही. आठ माणसांच्या घराला भोगी, तिळगूळ, गूळपोळी आणि हळदीकुंकू मिळून तीन-चार किलो तीळ पुरतात. तेवढे बाजूला काढून मगच पोते शिवावे.

पॉलिशचे तीळ म्हणजे साल काढलेले तीळ. दिसायला देखणे, चवीला गुळमट, आणि हलव्याला तेच लागतात. पण तिळात जो चुना, म्हणजे कॅल्शियम असते, त्यातला मोठा भाग सालीत असतो. सालीतल्या चुन्यापैकी काही शरीराला लागू पडत नाही हे खरे. तरी रोजच्या चटणीला, कुटाला सालीसकट गावठी तीळच चांगला. त्यात तेल जवळजवळ निम्मे असते, म्हणून थंडीत तो अंगी लागतो. घरच्या तिळाची एकच तक्रार ऐकू येते, की दाताखाली कचकच लागते. खळ्यावर मातीत झोडपला तर लागणारच. ताडपत्रीवर झोडपावा. आणि जो आता घरात आहे तो पातेलीभर पाण्यात घालून हाताने ढवळावा, वरचा तीळ अलगद रोवळीत काढावा. वाळू जड, ती तळाला राहते. असे दोनतीनदा केले की तीळ स्वच्छ होतो. मग कापडावर पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवावा. ओलसर तीळ भाजला तर फुलत नाही.

गुळाचेही तसेच. गिऱ्हाईकाला पिवळाधमक गूळ आवडतो, म्हणून पुष्कळ गुऱ्हाळांवर रसात हायड्रोस नावाची पावडर टाकतात. तिने रंग उजळतो, पण ती पोटात जाण्याची वस्तू नव्हे. कुठे कुठे रसात साखरही ओततात. चांगला गूळ तांबूस-काळसर असतो, आणि रसाची मळी काढायला रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस पुरतो. ज्यांचा स्वतःचा ऊस आहे त्यांनी गुऱ्हाळावर उभे राहून गुळव्याला सांगावे, की बाबा, घरची एक ढेप आणि एक कळशी काकवी बिनपावडरीची काढ. गुळव्या हसेल, म्हणेल, "साहेब, काळा दिसेल हं." दिसू द्या.

तिसरी वस्तू शेंगदाणे. याबाबत मी जरा कडक बोलणार आहे. शेंगा नीट वाळल्या नाहीत, पोत्याला ओल लागली, की दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते. तिच्यातून जे विष तयार होते त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात आणि ते यकृताला बाधते. चांगले दाणे बाजारात जातात, आणि मागे राहिलेले सुरकुतलेले, काळपट, खवट दाणे "कुटाला चालतील" म्हणून घरी राहतात. नेमके तेच चालत नाहीत. भाजल्याने बुरशी मरते, पण तिचे विष पुरते जात नाही. गूळ-वेलचीने चव झाकली जाते इतकेच. दाणे ताटात पसरून एकेक नजरेखालून घालावेत आणि वाईट दिसेल तो टाकून द्यावा. जनावरांच्या आंबोणातही घालू नये, कारण ते विष दुधात उतरते.

आता चूल पेटवा.

लाडवाला प्रमाण सोपे आहे. अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, एक वाटी भाजून सोललेल्या दाण्यांचे जाडसर कूट, अर्धी वाटी डाळे, एक वाटी भाजलेला सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन चमचे तूप, वेलदोडा. तीळ मंद आचेवर भाजावेत. तडतडू लागले, रंग जरा बदलला, की लगेच परातीत काढावेत. कढईत तसेच ठेवले तर कढईच्या तापाने करपतात आणि कडू होतात. पाकाची परीक्षा अशी. गूळ तुपावर विरघळून फेसाळला, की त्याचा थेंब वाटीतल्या थंड पाण्यात टाकावा. बोटांनी दाबली तर दबेल अशी गोळी झाली तर लाडू मऊ होणार. गोळी वाटीच्या कडेवर आपटून टण् वाजली तर लाडू कडक होणार. त्याच्याही पुढे पाक गेला, की तो लाडू दगडावर फोडून वाटावा लागतो. तेव्हा वाजायच्या जरा आधीच कढई खाली घ्यावी. हाताला पाणी किंवा तूप लावून भराभर वळावेत. गार झाले तर वळत नाहीत. मग कढई पुन्हा मंद विस्तवावर धरावी. वळायला घरातली सगळी बसली, की पाच-दहा मिनिटांत काम उरकते. पण लहान पोरांना कढईजवळ घेऊ नये. गुळाचा पाक अंगाला चिकटतो, त्याने फार वाईट भाजते.

चिक्कीचा गूळ नसेल आणि घरचा साधा गूळच असेल तर त्याच्या मऊ वड्याच कराव्यात. ज्यांचे दात गेले त्यांच्यासाठी तर पाक नसलेलीच वडी बरी. भाजलेले तीळ आणि किसलेला गूळ खलबत्त्यात एकत्र कुटावे. तिळाला तेल सुटते आणि गूळ आपोआप धरतो. मिक्सरमध्ये करायचे तर एकदम फिरवू नये, थांबत थांबत फिरवावे, नाहीतर तेल जास्त सुटून चिखल होतो. त्याचे लहान लहान लाडू वळून म्हाताऱ्या माणसांना द्यावेत. "गोड गोड बोला" म्हणून हातावर खडा ठेवायचा, आणि त्यांनी तो गालात धरून तासभर बसायचे, हे काही खरे नाही.

गूळपोळीची भीती पुष्कळ जणींना वाटते, कारण गूळ फुटून तव्याला लागतो. गूळ बाहेर येतो तो बहुधा सारणात त्याला धरून ठेवणारे काही नसते म्हणून. अर्धा किलो गूळ किसून घ्यावा. खडा एकही नको, खडा राहिला की पोळी तिथेच फुटते. त्यात तिळाचे बारीक कूट एक वाटी, थोडी भाजलेली खसखस, वेलदोडा-जायफळ, आणि तेलावर खमंग भाजलेले अर्धी वाटी डाळीचे पीठ घालावे. हे डाळीचे पीठच गुळाला आवरते. सारण आदल्या रात्री मळून ठेवले तर अधिक चांगले. वरच्या पारीला दोन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, चमचाभर डाळीचे पीठ आणि कडकडीत तेलाचे मोहन. घट्ट भिजवावे. पीठ आणि गूळ सारख्याच घट्टपणाचे हवे, यात सगळी किल्ली आहे. पीठ सैल आणि गूळ घट्ट असला की गूळ मधेच बसून राहतो आणि कडा नुसत्या कणकेच्या होतात. दोन लाट्यांमध्ये गुळाची एक गोळी ठेवून कडा दाबाव्यात, आणि मधून कडेकडे लाटावे. गूळ काठापर्यंत पोचला पाहिजे. मंद आचेवर भाजावी. एखादी फुटलीच तर तवा लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर पुढच्या सगळ्या पोळ्यांना डाग पडतात. पोळ्या गार होईपर्यंत एकावर एक ठेवू नयेत. ही पोळी आठ-दहा दिवस टिकते. आमच्याकडे ती थंडच, वर साजूक तूप घालून खातात. गरम गूळपोळीने जीभ पोळलेला मनुष्य ती चूक पुन्हा करत नाही.

आता हलवा. काही घरांत ही विद्या अजून आहे, पण तिथेही आजीबरोबर ती जाईल की काय अशी स्थिती आहे. बाजारात हलवा मिळतो, दागिन्यांचे तयार संचही मिळतात आणि त्यांना बरीच किंमत पडते. तो पैसा देण्याऐवजी मिळवता येईल का, असा विचार बचत गटातल्या भगिनींनी जरूर करावा. काही ठिकाणी बायका घरोघरी हलवा करून विकतात. डिसेंबरपासून हात चालू लागले तर संक्रांतीपर्यंत बऱ्यापैकी माल होतो. भांडवल म्हणाल तर साखर, मूठभर तीळ आणि चिकाटी.

कृती अशी. दोन मोठे चमचे पॉलिशचे तीळ घ्यावेत. तिळाऐवजी खसखस, साबुदाणा, डाळे, भोपळ्याच्या किंवा कलिंगडाच्या सोललेल्या बिया, लवंग, काहीही चालते. ज्या आकाराचा दाणा हवा तसे बी घ्यावे. एक-दीड वाटी साखर त्याच्या निम्म्या पाण्यात उकळावी, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावी, आणि एकतारी पाक झाला की गाळून घ्यावा. परात किंवा सपाट कढई अगदी मंद निखाऱ्यावर ठेवावी. गॅस असेल तर खाली जाड तवा आणि वर परात. तीळ परातीत घालून अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ सारखे फिरवायचे. पाक वाळून तीळ कोरडे, पांढरे झाले की पुन्हा अर्धा चमचा. बस, एवढेच. पण हे एवढेच दोन-तीन दिवस, रोज काही तास करायचे आहे.

पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे होतात. काटा दिसत नाही, आणि इथेच बहुतेक जणी सोडून देतात. दुसऱ्या दिवशी बारीक खरखर हाताला लागते, आणि तिसऱ्या दिवशी काटा उभा राहतो. पाक एकदम जास्त घातला तर दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. आच जास्त झाली तर साखर पिवळी पडते आणि काटा गळतो. हवेत दमटपणा असला तरी काटा येत नाही. म्हणून जुन्या बायका पहाटेच्या कोरड्या थंडीत हे काम करत. मध्येच परातीत साखरेचा भुगा जमतो, तो चाळून काढावा, नाहीतर नवा पाक दाण्याला न लागता त्या भुग्यालाच लागतो. बोटांना चटका बसतो त्यावर उपाय म्हणजे बोटांच्या टोकांना स्वच्छ पातळ फडक्याच्या चिंध्या बांधणे, आणि दोघींनी आळीपाळीने बसणे. एकटीने बसले तर कंटाळा येतो. दोघी बसल्या तर परातीपेक्षा तोंडेच जास्त चालतात, तेही चांगलेच. रंग हवा असेल तर शेवटच्या दोन-तीन हातांच्या पाकात केशराची काडी किंवा बिटाच्या रसाचा थेंब. रांगोळीचा किंवा गुलालाचा रंग कोणी घालत असेल तर त्याला हात जोडावेत.

दागिन्यांसाठी दाणा सुईने टोचायचा नाही, फुटतो. दुहेरी दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ मारत जायचे, म्हणजे सर तयार होतो. असे चार-पाच सर झाले, की हार, बाजूबंद, कंबरपट्टा, मंगळसूत्र पाहिजे ते जुळवता येते. बांगड्या, पाटल्या, मुकुट, बासरी यांना जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर काळे कापड लावावे आणि त्यावर दाणे बसवावेत. काळ्यावर पांढरा हलवा उठून दिसतो. चिकटवायला बाजारचा डिंक वापरू नये. मैद्याची किंवा तांदळाच्या पिठाची खळ शिजवून घ्यावी, कारण लेकरू तो दागिना तोंडात घालणारच. काम झाले की डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह घट्ट झाकून ठेवावे, म्हणजे ओल धरत नाही. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटात ठेवावा.

पहिल्या संक्रांतीची नवी सून आणि बोरन्हाणाचे बाळ, या दोघांसाठी हे दागिने. बोरन्हाणाबद्दल एक सूचना आहे. बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा, शेंगा ओतायच्या, आणि भोवतीच्या पोरांनी ते लुटायचे, अशी ती गंमत. लूट पोरे करतात, पण बाळही मुठीत सापडेल ते तोंडात कोंबते. अख्खा शेंगदाणा, हलव्याचा दाणा किंवा बोराची बी लहान मुलाच्या श्वासनळीत अडकू शकते, आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ नसतो. बाळावर नुसते चुरमुरे ओतावेत, बाकीचा माल भोवती उधळावा, आणि उधळण झाली की बाळाला लगेच उचलून घ्यावे. दागिनेही फोटो काढून झाले की उतरवावेत.

मोठ्या मुलांना पतंग. येवल्यात तर संक्रांतीचे तीन दिवस सगळे गाव गच्चीवर असते, हातात आसारी आणि जोडीला हलगी. पतंग घरी करता येतो. बांबूच्या दोन कामट्या, ताव आणि हीच वरची खळ. दोरा मात्र साधा सुती असावा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 साली देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. मोटारसायकलवरच्या माणसाचा गळा त्याने कापतो, झाडात अडकून पाखरे मरतात. विजेच्या तारांखाली पतंग उडवू देऊ नये.

शेवटी हळदीकुंकू. रथसप्तमीपर्यंत घरोघरी वाण लुटले जाते आणि त्यात अलीकडे प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, साबणाच्या पेट्याच फार. वर्षाच्या शेवटी त्या उकिरड्यावर सापडतात. त्यापेक्षा परसबागेचे बी द्यावे. दोडका, कारले, दुधी, भेंडी यांच्या उन्हाळी लागवडीला हाच काळ योग्य. कागदाच्या पुडीत दहा-बारा बिया, वर नाव. खर्च नगण्य, आणि एप्रिलमध्ये सगळ्या आळीत भाजी असते. सुगडही कुंभाराकडूनच आणावे. त्यात घालायची गाजरे, बोरे, हरभरा, उसाची करवे आणि गव्हाची ओंबी त्या 'घरच्या' दोन तासांच्या आसपासच मिळतील.

आणखी एक. ज्या बाईचा नवरा गेला तिने तीळ भाजायचे, पोळ्या लाटायच्या, हलवा करत तीन पहाटे बसायचे, आणि हळदीकुंकवाच्या वेळी मात्र आतल्या खोलीत जायचे, असे अजून पुष्कळ घरांत चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सुचवणारे परिपत्रक काढले. ठरावाची वाट न बघताही ज्या घरात वाण लुटले जाते त्या घरची बाई हे करू शकते. जाऊबाईला, नणंदेला, शेजारच्या काकूंना हाताला धरून पाटावर बसवायचे आणि बियांची पुडी त्यांच्याही ओटीत घालायची. कोणी नाक मुरडले तर मुरडू द्यावे.

आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, त्यांनी सण झाला की दोन गुंठे उन्हाळी तीळ टाकावा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा ही वेळ. फार कडाका असेल तर चार दिवस थांबावे, थंडीत बी उगवत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा एकेटी-101 हा वाण उन्हाळ्याला चालतो. दोन गुंठ्यांना 70-80 ग्रॅम बी पुरते. बी फार बारीक असते, म्हणून त्यात बारीक वाळू किंवा चाळलेले शेणखत मिसळून पेरावे, म्हणजे दाट पडत नाही. खोल पेरू नये. पंधरा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत वीतभर नाही, तरी चार बोटे अंतर ठेवावे. तीन महिन्यांत पीक येते. पाने आणि बोंडे पिवळी पडू लागली की पहाटे कापणी करावी. बोंडे तडकेपर्यंत थांबलात तर तीळ घरात न येता रानातच राहतो. पेंढ्या बांधून ताडपत्रीवर चार-सहा दिवस उभ्या कराव्यात आणि मग उलट्या धरून झटकाव्यात. नीट साधले तर आठ-दहा किलो तीळ मिळेल. त्यातला पावशेर बियाणे म्हणून राख लावून बाजूला ठेवा, आणि चार किलो डब्यात. डब्यावर चिठ्ठी लावा : संक्रांतीसाठी, विकायचा नाही.